पंडिता रमाबाई : दुःखातही न आटलेला आनंद



वर्गात रमाबाई हे नाव घेतलं की आमच्या पिशोरच्या मुलांचे हात पटापट वर होतात. त्यांना माहीत असतात त्या रमाई, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी. एखादी हुशार मुलगी न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाईंचं नाव सांगते. आजचा पाठ तिसऱ्या रमाबाईंचा आहे, पंडिता रमाबाईंचा. या तिघींची सरमिसळ परीक्षेत नेहमी होते, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

पंडिता रमाबाईंची माहिती बहुतेक पुस्तकांत चार ओळींत संपते. जन्म 1858, शारदा सदन 1889, केडगावचे मुक्ती सदन, मृत्यू 1922. रिकाम्या जागा भरायला एवढं पुरतं. पण या चार ओळींच्या मध्ये आई गेली, वडील गेले, बहीण गेली, भाऊ गेला, दीड वर्षाच्या संसारानंतर नवरा गेला आणि शेवटी एकुलती एक मुलगीही गेली. एवढं सगळं पाहिलेली बाई शेवटपर्यंत कामात आणि समाधानात कशी राहिली, हे पुस्तकात येत नाही. कारण ते सांगायचं तर त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेबद्दल बोलावं लागतं आणि तिथे आपण सगळेच जरा बिचकतो. मी इथे कोणत्याही धर्माचा प्रचार करायला बसलेले नाही. पण संत जनाबाईंचं चरित्र विठ्ठल वगळून सांगता येईल का? मग रमाबाईंचं चरित्र येशू वगळून कसं सांगणार?

बालपण

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. आई लक्ष्मीबाई. लग्नाच्या वेळी शास्त्रीबुवांचं वय 44 आणि लक्ष्मीबाईंचं 9. त्या काळात बायकांनी संस्कृत शिकणं पाप समजलं जाई. अनंतशास्त्रींनी मात्र बायकोला शिकवलं आणि त्याबद्दल त्यांना पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रातलेच दाखले काढून दाखवले. लोकांचा त्रास मात्र थांबला नाही, म्हणून ते जंगलात आश्रम बांधून राहिले.

आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंना जेवू घालता घालता घर कर्जात बुडालं. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना कुटुंब यात्रेला निघालं. तान्ह्या रमाला वेताच्या पेटीत ठेवून एका माणसाच्या डोक्यावर दिलं आणि डोंगर उतरले. तिथून जी पायपीट सुरू झाली ती पुढे कित्येक वर्षं चालली. देवळात, घाटावर बसून पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर राहायचं. आई पहाटे उठून रमाला शिकवायची. पुस्तक क्वचितच हातात असे, सगळं तोंडी. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत त्यांना हजारो श्लोक पाठ होते. आपल्याकडे पाढे पाठ करायला सांगितलं तर काय होतं ते आपण रोज बघतोच.

दुष्काळ

इथे मी वर्गात थोडा वेळ थांबते. 1972 चा दुष्काळ आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या अजून तोंडात आहे. मिलोची लाल ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं, हे मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेलं असतं. पण 72 ला निदान काम मिळालं, काहीतरी पोटात पडलं. डोंगरे कुटुंबावर आलेल्या दुष्काळात तेही नव्हतं. दक्षिणेत अन्न मिळेना. असलेला पैसाअडका शास्त्रीबुवांनी दानधर्मात, व्रत-अनुष्ठानात घातला. शास्त्रात सांगितलंय ते सगळं मनापासून केलं तर देव संकटातून काढील, असा त्यांचा विश्वास होता. मग भांडी विकली, दागिने विकले, कपडे विकले. भीक मागणं त्यांना जमणारं नव्हतं आणि मजुरीची कधी सवय नव्हती. शेवटी झाडांचा पाला खाऊन दिवस काढले.

आता सगळ्यांनी मिळून जलसमाधी घ्यावी, इथवर गोष्ट आली होती. थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करीन, पण हे नको. तरी 1874 साली वडील गेले. त्यांचा देह श्रीनिवासने एकट्याने खांद्यावर वाहून नेला, कारण मदतीला कोणी नव्हतं. काही महिन्यांत आई गेली. आईच्या तिरडीला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. तिची उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिने तिरडी डोक्यावर घेतली. मग थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

हा प्रसंग सांगितला की वर्गात कोणी बोलत नाही. मीही लगेच पुढे जात नाही.

राहिले भाऊ-बहीण. दोघं हजारो मैल पायी चालले, थेट पंजाब-काश्मीरच्या बाजूला गेले. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नाही, तर वाळूत खड्डे खणायचे, त्यात निजायचं आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची. पण याच काळात रमाबाईंच्या मनात एक प्रश्न शिरला. आईवडिलांनी यात्रा केल्या, उपवास केले, दानं दिली. त्यांच्या मनात कपट नव्हतं. मग असं का झालं? या प्रश्नाचं उत्तर मिळायला त्यांना पुढची सतरा वर्षं लागली.

कलकत्ता आणि संसार

1878 साली दोघं कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. सभा झाल्या, वर्तमानपत्रांत नाव झालं. पण मानसन्मानाने मन भरलं नाही. उलट शास्त्रग्रंथ जास्त वाचू लागल्या तसं बायका आणि शूद्र यांच्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते डोळ्यांसमोर आलं, आणि त्या अस्वस्थ झाल्या.

1880 मध्ये श्रीनिवास आजारी पडून वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आजही अशा लग्नाला गावात काय म्हणतील ते मी वेगळं सांगत नाही. आसाममध्ये सिलचरला त्यांचा संसार सुखाचा चालला. 16 एप्रिल 1881 ला मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि 4 फेब्रुवारी 1882 ला बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. रमाबाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या.

सिलचरच्या घरातच त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची छोटी बंगाली पुस्तिका सापडली होती. ख्रिस्ती धर्माची ही त्यांची पहिली ओळख. तेव्हा त्यावर फार काही घडलं नाही.

पुणे, इंग्लंड आणि बाप्तिस्मा

1882 मध्ये त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात हे ठासून सांगितलं. शिक्षक पात्रता परीक्षेला हा मुद्दा विचारू शकतात, लक्षात ठेवा.

1883 मध्ये डॉक्टर व्हायचं म्हणून त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. पण कान अधू होऊ लागले होते, त्यामुळे डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला. वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. त्या भगिनींचं लंडनमध्ये फुलहॅमला एक घर होतं. समाजाने ज्यांना बिघडलेल्या म्हणून टाकून दिलं अशा बायकांना तिथे मायेने ठेवत. रमाबाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. या बायकांबद्दल यांना कळवळा का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. जिच्याशी कोणी बोलत नव्हतं तिच्याशी येशू बोलला, तिच्याकडे पाणी मागितलं. आपल्याकडे पाण्यावरून काय काय झालंय ते ठाऊक असलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडंच आधी त्यांच्याबरोबर पुण्याहून आलेल्या आनंदीबाई भगत यांनी धर्मांतराच्या भीतीने मनाचा तोल जाऊन जीव दिला होता. म्हणजे हा दिवससुद्धा काही आनंदीआनंदाचा नव्हता. इकडे महाराष्ट्रात बातमी आली तेव्हा ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच दगा दिल्याची भावना करून घेतली.

आता गंमत पाहा. बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. मठातल्या भगिनींनी त्यांना घालायला दिलेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. मला न कळणाऱ्या भाषेत का, संस्कृतात का नको, असा वाद त्यांनी घातला. बिशप सांगतील ते मुकाट मान्य करायलाही त्या तयार नव्हत्या. पोशाख साधी साडी आणि जेवण शाकाहारी, हे त्यांनी जन्मभर सांभाळलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. 1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला अमेरिकेत गेल्या. तिथेच त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं. ते खूप खपलं आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा राहिला.

शारदा सदन, आणि 1891

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. सुरुवात अगदी मोजक्या मुलींवर. त्यातल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. 1890 मध्ये सदन पुण्याला हलवलं.

बाहेरून पाहिलं तर रमाबाईंना सगळं मिळालं होतं. संस्था, पैसा, जगभर नाव, मांडीवर मुलगी, धर्म तर स्वतः निवडलेला. तरी आत काहीतरी रितं होतं. ते त्यांनी लपवलं नाही, पुढे आपल्या साक्षीच्या पुस्तकात स्वच्छ लिहून ठेवलं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, 1891 मध्ये, त्यांच्या हाती विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र आलं. हा गृहस्थ पाद्री होता, प्रवचनं करायचा, पण आपल्याला स्वतःलाच काही सापडलेलं नाही हे त्याला फार उशिरा कळलं होतं. रमाबाईंना वाटलं, हे माझंच चाललंय. मला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे. लहानपणापासून त्या काही ना काही करून देवापर्यंत पोचायला बघत होत्या. आधी यात्रा आणि व्रतं, मग विद्या, मग धर्मांतर, मग समाजसेवा. बाप्तिस्मासुद्धा त्यांच्या मनात जुन्या व्रतासारखाच एक विधी होऊन बसला होता. आता त्यांना उमगलं की हे कमवायचं नसतंच. आईच्या कुशीत जायला लेकराला पात्रता लागत नाही. देवाची माया फुकट आहे, आजच आहे, आणि आपल्यासारखीला आहे. जन्मांध माणसाला एकदम दिसू लागावं, तसा आपला आनंद होता असं त्या सांगत. वडिलांच्या मरणापासून मनात असलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं का? का झालं, हे त्यांना कळलं नसावं. पण देवाला विकत घेण्याची धडपड सुटली आणि ओझं उतरलं.

त्या आनंदाची परीक्षा लगेच झाली. सदनात कोणाचा धर्म बदलायचा नाही असं ठरलेलं होतं. पण रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. दार लावून घ्या, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. 1893 मध्ये मोठा गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. यात कोणाचं बरोबर? पालकांची भीती मला समजते, मुलगी विश्वासाने दिलेली असते. पण मनापासून मिळालेली गोष्ट कडी लावून करायला सांगितली तर रमाबाईंनी काय करावं, हेही समजतं. वर्गात यावर मुलांची दोन गट करून चर्चा घेता येते, मात्र निकाल देऊ नये.

केडगाव

1896-97 मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. पोटं खपाटीला गेलेल्या, कोणाच्या तरी तावडीत सापडायच्या बेतात असलेल्या मुली त्यांनी पाहिल्या. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी त्या स्वतः तशाच होत्या. त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती, गर्दी करायला मनाई. म्हणून दौंडजवळ केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या शंभर एकर जमिनीवर राहुट्या ठोकल्या. तेच मुक्ती सदन. आईवडील ज्या मुक्तीसाठी देशभर पायी फिरले, तोच शब्द.

1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार! आमच्या शाळेत शालेय पोषण आहार शिजवताना दोनशे ताटांचा हिशेब चुकतो. इतक्या जणींचं अन्न, पाणी, आजारपण, अंघोळ, अक्षरओळख, सगळं एका बहिऱ्या होत चाललेल्या बाईच्या शब्दावर चालत होतं. विहिरी खणल्या, शेती केली. हातमाग, तेलाचा घाणा, दुभती जनावरं, छापखाना, सगळ्या कामांत बायका. कृपा सदनात समाजाने टाकलेल्या बायकांना जागा मिळाली, फुलहॅमला पाहिलेलं ते इथे आलं. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि अंध मुलींना वाचायला शिकवू लागल्या.

सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आणि भजनं होत. 1905 च्या सुमाराला तर तिथे प्रार्थनेची अशी लाट आली की मुली तासन् तास रडत, हसत, गात. काही लोकांनी त्याला वेड म्हटलं. पण ज्या मुलींनी आपल्या डोळ्यांनी आईबाप उपाशी मरताना पाहिले, त्यांना हसू आलं ही गोष्ट मला तरी लहान वाटत नाही.

शेवटची वर्षं

रमाबाईंनी आणखी एक मोठं काम हाती घेतलं. मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बायकांना जड जाते असं त्यांना वाटे. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. जवळजवळ अठरा वर्षं हे काम चाललं. पंडितांची भाषा ज्यांना तोंडपाठ होती, त्याच बाई कमी शिकलेल्या बाईला कळेल असा शब्द शोधत बसायच्या. 1919 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं.

आपल्यामागे मनोरमा सगळं बघेल असा त्यांचा भरवसा होता. मनोरमाबाई बी.ए. झालेल्या, शारदा सदनच्या प्रमुख, आईचा उजवा हात. आपल्या मराठवाड्यासारख्याच निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्याला त्यांनी मुलींची शाळाही काढली होती. 24 जुलै 1921 रोजी मिरजेला त्यांचं निधन झालं. वय 40.

आयुष्यभरात सगळी माणसं गेली, पण हा घाव त्रेसष्टाव्या वर्षी बसला. आनंद सापडलेल्या माणसाला दुःख होत नाही, असं मुलांना कधी सांगू नका. रमाबाई आधीच खंगल्या होत्या, त्या आणखी थकल्या. पण 1874 मध्ये जशी सगळी दिशाच हरवली होती, तशी आता हरवली नाही. प्रार्थना चालू राहिली. भाषांतराचे छापील कागद तपासणं चालू राहिलं. सदनातल्या मुली त्यांना आई म्हणत, आणि त्यांचं आईपण संपलेलं नव्हतं.

साडेआठ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी, केडगावलाच झोपेत त्यांची प्राणज्योत मालवली. भाषांतराचं काम तोवर हातावेगळं झालं होतं. संपूर्ण बायबल छापून झालं 1924 साली, मुक्तीच्याच छापखान्यात. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या, पुस्तकं शिवणाऱ्या बायका तिथल्याच होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळात सापडल्या तेव्हा त्यांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं.